भाचीसाठी घेतलेली ओढणी

भेटवस्तू निवडण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं मी कित्येक वर्षं सांगत आले. दुसरं कुणी सांगेना, म्हणून स्वतःच सांगायची. मी बिदरमध्ये राहते, घरी बसून ब्लाउज शिवते. कॉलनीतल्या निम्म्या बायकांची मापं माझ्या वहीत आहेत आणि उरलेल्यांची नजरेत. दिवाळीला मंठाळजवळच्या माहेरी जायचं म्हटलं की माझी खरेदी घटस्थापनेपासून सुरू व्हायची. नवरा जवळच कोळारला कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याचं म्हणणं, पोरांच्या हातात पाकीट ठेव आणि मोकळी हो. पाकीट देणाऱ्या माणसांना मी आळशी म्हणायची. आता कुणाला काही म्हणायला मला तोंड राहिलेलं नाही. ते का, हेच सांगायला बसले आहे.

माझ्या धाकट्या भावाला दोन मुलं. ही गोष्ट दोन दिवाळ्यांमागची. तेव्हा मुलगा पंधरा वर्षांचा होता आणि मुलीला बारा संपून तेरावं लागलं होतं. या वयाच्या पोरांसाठी काही घेणं म्हणजे डोक्याला ताप असतो. दहाच्या आतल्यांना काहीही चालतं, खोक्यात काय आहे यापेक्षा खोकं केवढं आहे ते बघतात. सोळाच्या पुढची पोरं मोबाइलवर फोटोच पाठवतात, हेच पाहिजे म्हणून. मधल्यांचं अवघड. दुकानदार विचारतो, लहान का मोठी, आणि आपण अडतो. लहानांचं घेतलं तर त्यांचं तोंड वाकडं होतं. मोठ्यांचं घेतलं तर आपण त्यांना मागून ढकलल्यासारखं होतं. हे सगळं मला कळत होतं. मी ते इतर बायकांना समजावूनही सांगायची.

त्या वर्षी मे महिन्यात भाची माझ्याकडे पंधरा दिवस राहायला आली होती. मला मुलगी नाही. एकच मुलगा, तो हैदराबादला शिकतो. त्यामुळे ती आली की घर भरायचं. मशीनजवळ बसून ती मला गुंड्या लावून द्यायची, चिंध्यांच्या पिशव्या शिवायची आणि शाळेतल्या खो-खोच्या टीममध्ये कोण किती पळतं हे सांगत बसायची. एका दुपारी ती न्हाणीघरातून बाहेर आली आणि माझ्या पाठीमागे नुसतीच उभी राहिली. मी पायडल थांबवलं. ती म्हणाली, आत्या, मला ते आलंय. शाळेत बाईंनी सगळं सांगितलेलं होतं, म्हणून घाबरली नव्हती.

जे करायचं ते मी केलं, जे सांगायचं ते सांगितलं. मग तूप जास्त घालून शिरा केला. तिनं शिरा खाल्ला, ताटली धुऊन ठेवली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"आत्या, कुणालाच सांगू नको. आईलाबी न्हाई."

मी कामून म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, बॅनर. आमच्या लिंगायत घरांत बाईच्या विटाळाला जागा नाही. गळ्यात लिंग असलेली बाई चारही दिवस पूजा करते, स्वयंपाक करते, कुणी तिला बाजूला बसवत नाही. याचा आम्हाला फार अभिमान, आणि तो मी चारचौघांत मिरवतेही. पण मुलगी शहाणी झाली की करायचा समारंभ मात्र आम्ही शेजाऱ्यांकडून उचलला, आणि आता त्यात तेलंगणाकडून आलेली एक भर पडली आहे, ती म्हणजे बॅनर. चौकात दहा फुटांचा फ्लेक्स, त्यावर मुलीचा नटवलेला फोटो, खाली ओळीनं काका-मामांचे गोल गोल फोटो आणि शुभेच्छुक म्हणून नावं. आदल्या हिवाळ्यात तिच्या वर्गातल्या एका मुलीचा असा बॅनर गावातल्या बस थांब्यावर लागला होता. हायस्कूलची पोरं त्याखाली उभं राहून सेल्फी काढायची. नंतर त्या मुलीचं नावच बॅनर पडलं. खो-खोला ती पळायला उठली की कडेनं कुणीतरी हळूच बॅनर म्हणायचं. तिनं खो-खो सोडला.

भाचीचं म्हणणं एवढंच होतं. आईला कळलं की आईच्या पोटात राहणार नाही, ती अव्वाला सांगणार. अव्वा म्हणजे माझी आई. अव्वाला कळलं की गावाला कळलं. आणि मामा तर केव्हाचा म्हणतोय, एकुलती एक भाची, असं फंक्शन करीन की तालुका बघंल. म्हणून कुणालाच नको. तिनं मला लिंगाची आण घ्यायला लावली. मी गळ्यातल्या चौक्यावर, लिंगाच्या चांदीच्या डबीवर, हात ठेवून आण घेतली.

खरं तर त्याच दिवशी तिला समजवायला हवं होतं की आईला सांगू, दोघी मिळून सांगू, आणि बॅनर होऊ देणार नाही हे मी बघते. ते मी केलं नाही. कारण मला ते आवडलं. भावजय चांगली बाई आहे, दिवसभर रानात राबते, पोरांवर जीव टाकते. पण तिची पोर तिच्या आधी माझ्याकडे आली, ही गोष्ट मी पुढे कित्येक दिवस मनात घोळवत होते. पंचमीला माहेरी गेले तेव्हा पिशवीच्या तळाशी पॅडची दोन पाकिटं नेली आणि माळवदावर तिच्या हातात दिली. ती माझ्याकडे बघून हसली. जगात आम्हा दोघींनाच काही माहीत आहे, अशी हसली. ते हसू मी कमावलं होतं, असं मला वाटायचं.

नवरात्रात मी फोन करून दोघांना विचारलं, दिवाळीला काय आणू. भाचा म्हणाला, बॅटिंगचे ग्लोव्हज, उजव्या हाताचे. भाचीनं सांगितलं, खो-खोसाठी ट्रॅक पँट, निळी, पण गडद निळी, आणि गुडघ्याला बांधायचे पट्टे. गडदच का, हे मला वेगळं सांगायला नको होतं. मी बरं म्हणाले.

भाच्याचे ग्लोव्हज पाच मिनिटांत झाले. त्याच दुकानात ट्रॅक पँट टांगलेल्या होत्या. मी एक हातात घेतली, शिवण उलटून बघितली, कापड ताणून बघितलं. कापड पातळ, शिवण ओबडधोबड. माझ्या मनात आलं, मी एवढी वर्षं शिवणकाम करणारी बाई, वर्षाच्या दिवाळीला माहेरी जाणार आणि पिशवीतून पायजमा काढून पोरीच्या हातात ठेवणार? लोक बघतील ना. मी पँट परत टांगली आणि कापडाच्या दुकानात गेले.

तिथं जांभळं कापड दिसलं. मोरपंखी काठ, त्यात बारीक जरीची वेल, आणि जोडीला आंब्याच्या रंगाची ओढणी. घोळदार परकर, त्यावर ब्लाउज आणि खांद्यावरून साडीच्या पदरासारखी घ्यायची ओढणी. आमच्याकडे याला लंगा-ओढणी म्हणतात. भाचीच्या सावळ्या रंगाला ते जांभळं असं खुललं असतं की मला तिथंच ती दिसायला लागली. आता इथली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात मुलगी परकर-पोलकं लहानपणापासून नेसते, त्याचं कुणाला काही नाही. पण ओढणी असलेला लंगा तिच्या अंगावर पहिल्यांदा चढतो तो पदर आल्यावर, म्हणजे ती शहाणी झाल्यावर. आणि तो पहिला आणायचा मान मामाचा. ही गोष्ट मंठाळपासून बिदरपर्यंत पोराटोरांना माहीत आहे. मला माहीत नव्हती असं म्हणायची सोय नाही. दुकानदारानं तर विचारलंसुद्धा, "फंक्शन है क्या, अक्का?" मी म्हणाले, नाही, दिवाळी आहे. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि कापड फाडलं.

घरी येताना मी स्वतःला समजावत आले. आजकाल शहरात आठ वर्षांच्या पोरीही लेहंगा घालतात. टीव्हीवर बघतात लोक. आता ते जुनं कोण धरून बसतंय. वाटेत बांगडीवाल्याकडून डझनभर हिरव्या बांगड्याही घेतल्या, कारण जांभळ्यावर हिरव्या चांगल्या दिसतात. असं मी तेव्हा म्हणाले.

ब्लाउज मी घरीच शिवला. माप घ्यायची गरज नव्हती, पंचमीला तिला बघितलं होतं आणि माझी नजर चुकत नाही. लहान मुलीचं पोलकं सरळ असतं, पुढचा भाग सपाट कापायचा. मोठ्या बाईच्या ब्लाउजला पुढे टक्स घालावे लागतात, कापडाला चिमटे घेऊन आतून शिवायचं, म्हणजे ते छातीवर बसतं. मी टक्स घातले. लहानसेच, पण घातले. सपाट कापला असता तर ब्लाउज वर चढला असता, आणि माझ्या हातचा ब्लाउज वर चढलेला मला खपला नसता.

पाडव्याच्या सकाळी आमच्याकडे सगळे तेल लावून आंघोळ करून पुढच्या खोलीत बसतात. अव्वा, भाऊ, भावजय, पोरं, आणि शेजारची चुलत काकू, जी दर पाडव्याला चुरमुऱ्यांचा सुसला खायला येते आणि दुपारपर्यंत उठत नाही. भाचीनं सगळ्या पुरुषांना ओवाळलं. मग माझी पाळी आली. दर वर्षी मी ती पाळी लांबवायची. पिशवी मांडीवर घ्यायची, थांबायची, पोरांना अंदाज करायला लावायची. भाच्यानं ग्लोव्हज घातले आणि भिंतीवर दोन ठोसे मारून बघितले. अव्वानं त्याला दटावलं.

भाचीनं तिचा पुडा हलक्या हातानं उघडला. ट्रॅक पँटच असणार म्हणून वरून दाबूनही बघितलं तिनं. मग कागद सुटला आणि मोरपंखी काठ बाहेर आला, त्याच्या मागोमाग ओढणी घसरून जमिनीवर पडली. कागदातल्या बांगड्या वाजल्या. ती ओढणीकडे बघत राहिली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं ती हरखून जाईल. तिच्या चेहऱ्यावर फक्त एक प्रश्न होता, आणि तो मला विचारलेला होता.

काकूनं चहाचा कप खाली ठेवला. "पदर आला व्हय ग पोरीला?"

इथं मला पोरीला वाचवता आलं असतं. न्हाई ग काकू, रंग आवडला म्हणून घेतलं, आजकाल सगळ्याच घालतात, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. काकू म्हातारी आहे, चार दिवस बडबडली असती आणि विसरली असती. माझ्या जिभेवर ते वाक्य होतं. मी म्हणाले, "कामून, आत्यानं आणू नये का?" आणि हसले.

त्या हसण्याबद्दल मी आजवर कुणाशी बोललेले नाही. ते चुकून आलेलं नव्हतं. मला काहीतरी माहीत आहे आणि तुम्हाला ते माहीत नाही, असं ते हसू होतं. पाच महिने मी ते गुपित सांभाळलं, पण सांभाळताना ते माझ्याकडे आहे हे कुणालाच कळत नव्हतं, आणि त्याचा मला कंटाळा आला होता. माझ्या माहेरच्या माणसांसमोर, भावजयीसमोर, ते एकदा दिसावं असं मला वाटत होतं. दुकानात त्या कापडावर हात ठेवला तेव्हाही वाटत असणार. मी एवढी दुष्ट नाही, असं स्वतःला अनेकदा सांगून बघितलं. पण ते हसू मला आठवतं आणि बोलणं बंद होतं.

भावजयीनं पुढे होऊन ब्लाउज उचलला. ती तो उलटा करून आतून बघायला लागली आणि तिचं बोट टक्सच्या शिवणीवरून हळू फिरलं. तिला शिवता येत नाही, पण बाई आहे. तिनं लेकीला विचारलं, कवा. भाची तिच्याकडे न बघता म्हणाली,

"आत्याला विचार."

पुढचं सगळं अव्वाच्या आनंदात वाहून गेलं. तिनं पोरीला जवळ ओढलं, तोंडात साखर घातली, कपाळाला विभूती लावली. काकूनं तिच्याकडची कुठली तरी आरती म्हटली. भाऊ लाजून बाहेर गेला, भाचा ग्लोव्हज घेऊन त्याच्या मागोमाग. भाची तोंडातली साखर न चावता मध्ये बसून होती.

मी स्वयंपाकघरात गेले. भावजय कढईसमोर बसली होती, कढईखालचा गॅस बंद होता. ती मला अक्का म्हणते. इतक्या वर्षांत तिनं कधी माझ्यापुढे आवाज चढवलेला नाही, त्या दिवशीही चढवला नाही.

"अक्का, पाच म्हैने ती माझ्या शेजारी झोपायलीय. म्या काय तिला मारणार होते व्हय?"

मी म्हणाले, तिनं आण घातली होती, बॅनरच्या भीतीनं. भावजयीनं कढईवर झाकण ठेवलं. मग म्हणाली की बॅनरचं तिलाही पसंत नाही, लेकीनं एकदा सांगितलं असतं तर तिनं आपल्या भावाला, पोरीच्या मामाला, गप्प केलं असतं. आणि मग ती जे म्हणाली ते माझ्या अंगात रुतून बसलं आहे.

"मला सांगायचं न्हवतं, तर नीट ठेवायचं तरी."

खरं होतं. दोन्हीपैकी एकही मी केलं नाही. आईलाही फसवलं आणि लेकीलाही.

दुपारी भाची मागच्या अंगणात हौदातून बादल्या भरत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. मला माफी मागायची होती. त्याऐवजी माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हणाले, मी तोंडानं एक शब्द काढला न्हाई ग, तुझी आण मोडली न्हाई. पन्नाशीची बाई मी, बारा वर्षांच्या पोरीपुढे आपली आण कशी शाबूत आहे हे सांगत उभी होते. तिनं बादली हौदाच्या काठावर टेकवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, व्हय. मग बादली घेऊन आत गेली.

मी भावाला गाठलं. म्हटलं, समारंभ करा हवा तर, पण बॅनर नको, पोरीला नकोय. भाऊ वैतागला होता, पण त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. अव्वानं फोन केल्यावर मामाचं पहिलं बोलणं होतं की पहिला लंगा आत्यानं आणला, मग मामा कशाला. तो दुखावला होता. त्याचा मान माझ्या पिशवीतून आला आणि गेला. आता तो मान भरून काढायचा तर तो जे करील ते मोठंच करणार, आणि ते अडवायला भावजयीला तोंड राहिलं नव्हतं. "अक्का, आता तू मधी पडू नको," भाऊ म्हणाला. भाचीनं जे टाळायला पाच महिने तोंड शिवून ठेवलं, ते माझ्यामुळे नुसतं आलं नाही, दुप्पट होऊन आलं.

कार्तिकात समारंभ झाला. बस थांब्यावर उतरले तोच समोर बॅनर. दहा नाही, पंधरा फुटांचा असावा. वर कन्नडमध्ये, खाली मराठीत अभिनंदन. मामाची साडी वेळेवर आली नव्हती म्हणून फोटो माझ्या लंग्यातच काढलेला. जांभळा रंग तिला खुलून दिसत होता, ब्लाउज कुठंही वर चढला नव्हता. फोटोवाल्यानं सांगितलं असणार, म्हणून ती हसली होती. खाली शुभेच्छुकांच्या ओळीत मामा, मामी, काका, आणि डावीकडून चौथी मी. कुठल्या तरी लग्नातला फोटो, तोंडात पान असल्यासारखा गाल फुगलेला. बरोबर उतरलेल्या बायकांनी बॅनरकडे बघून मला विचारलं, ही तुमचीच भाची का. मी हो म्हणाले आणि पिशवी उचलून भराभर चालायला लागले.

तिला पाटावर बसवलं होतं. मामाची साडी, गळ्यात फुलांचा हार, ओटीत खोबरं, खारका आणि तिळगुळाच्या उंड्या. बायका एकेक करून पुढे जात होत्या, कुंकू लावत होत्या, कानाजवळ बोटं मोडत होत्या. माझी पाळी आली. मी कुंकू लावलं. बाकीच्या बायकांपुढे तिनं जशी मान खाली घातली, तशीच माझ्यापुढेही घातली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ओळीतल्या एका बाईला जो मान द्यायचा तेवढा तिनं मला दिला.

बॅनर आठवडाभर राहणार होता. तो तिसऱ्याच दिवशी उतरला. भाच्यानं शाळेच्या बसआधी जाऊन विळ्यानं दोऱ्या कापल्या, गुंडाळी करून तो रानात नेला आणि सोयाबीनच्या ढिगावर पसरून वर दगड ठेवले. मामा तणतणला, भावानं पोराला चार शब्द सुनावले. भावजयीनं हे मला फोनवर सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा जरा मोकळा वाटला. मला त्या पोराचा अभिमान वाटला. पण मला काय करता आलं असतं ते त्यानं पंधराव्या वर्षी करून दाखवलं, आणि मी बॅनरखालून मान खाली घालून निघून गेले होते. शाळेत भाचीला काय म्हणाले, म्हणाले की नाही, मला माहीत नाही. तिनं सांगितलं नाही आणि विचारायला मला जागा नव्हती. ती खो-खो खेळते अजून, एवढं कळलं.

गेल्या दिवाळीत मी पाकिटं दिली. नवऱ्यानं ती बघितली आणि काही बोलला नाही, ही त्याची भलाई. फोनवर भाचीला विचारलं होतं काय आणू म्हणून. काहीबी चालंल आत्या, असं म्हणाली. पूर्वी तिला काहीबी कधीच चालायचं नाही.

या मे महिन्यात भावजयीनं तिला इंग्रजीच्या क्लाससाठी दहा दिवस माझ्याकडे पाठवलं. मला वाटतं तिनं मला माफ केलंय, किंवा निदान मी शहरात राहते याचा उपयोग तरी करून घ्यायचं ठरवलंय. भाची आली, उंच झालीय, मशीनजवळ बसून गुंड्याही लावून देते. हसते, बोलते. विचारलं तेवढ्याचं उत्तर देते. चौथ्या दिवशी दुपारी ती जरा पोट धरून पडली होती. मी विचारलं, काय होतंय. काही न्हाई, ऊन लागलं, म्हणाली. माझ्या कपाटात काय कुठं असतं हे तिला पाठ आहे, मीच दाखवलेलं. थोड्या वेळानं ती उठली, चप्पल घातली आणि बाहेर गेली. मी खिडकीतून बघितलं. मेमधलं बिदरचं ऊन, रस्त्यावर कुत्रं नाही. ती कोपऱ्यावरच्या मेडिकलपुढे गेली. दुकानात दोन पुरुष उभे होते, ते जाईपर्यंत ती बाजूला उन्हात उभी राहिली. मग वर चढली.

परत आली तेव्हा तिच्या हातात काळी पिशवी होती. पेन आणायला गेलते आत्या, क्लाससाठी, असं म्हणून ती सरळ न्हाणीघराकडे गेली. बोलताना जराही अडखळली नाही. पेन कुणी काळ्या पिशवीत देत नाही. मी बरं म्हणाले.